शिक्षण, पालकत्व आणि मानसशास्त्र यांवरील मुलाखतींचा पॉडकास्ट: नवोदितांसाठी मार्गदर्शक

शिक्षण, पालकत्व आणि मानसशास्त्र या विषयांवरच्या मुलाखतीत ज्याच्याविषयी बोलणे चाललेले असते ते मूल बहुतेक वेळा खोलीत नसते. आई बोलते, शिक्षक बोलतात, समुपदेशक बोलतात; आपल्याविषयी काय सांगितले गेले हे मुलाला मात्र काही वर्षांनी, कदाचित वर्गमित्राच्या फोनवरून, कळते. नटाची किंवा उद्योजकाची मुलाखत घेणाऱ्याला ही अडचण नसते. त्यामुळे या विषयाचा पॉडकास्ट सुरू करताना तयारीचा क्रम निराळा ठेवावा लागतो: आधी श्रोता आणि विषय, मग पाहुणे, मग संमती व कायदा, त्यानंतर प्रश्न आणि सर्वांत शेवटी माईक. नवोदितांचा बहुतेक उत्साह माईकच्या खरेदीतच खर्च होतो, असे माझे निरीक्षण आहे.

पहिली पायरी: श्रोता आणि विषय

'पालकांसाठी' एवढे म्हणून भागत नाही. दोन वर्षांच्या मुलाला जेवू घालताना घायकुतीला आलेली आई आणि दहावीच्या मुलाशी आठवडाभर धड न बोललेले वडील यांना एकच भाग उपयोगी पडणार नाही. म्हणून कागदावर एक वाक्य लिहून काढावे: हा पॉडकास्ट कोणी ऐकावा आणि ऐकल्यावर त्याला कोणता निर्णय घेणे सोपे जावे. उदाहरणार्थ, 'प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या पालकांनी ऐकावा आणि शाळेशी, शिक्षकांशी व घरातल्या इतर मोठ्यांशी कसे बोलावे हे त्यांना ठरवता यावे.' एवढे स्पष्ट झाले की मग बारा भागांचे विषय लिहावेत. बारा सुचत नसतील तर परीघ फार अरुंद आहे. तासाभरात पन्नास सुचले तर परीघ आखलेलाच नाही.

मराठीत या क्षेत्रात विषयांचा तुटवडा नाही, मात्र पुण्या-मुंबईच्या सदनिकेबाहेर पाहण्याची तयारी हवी. मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम की सेमी इंग्रजी, हा प्रश्न घराघरांत आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत व शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटल्याने त्याला नवे वळण मिळाले आहे. मात्र ज्या मुलाची घरची भाषा वारली, कोरकू किंवा गोंडी आहे त्याच्यासाठी मराठी शाळा ही परक्या भाषेतलीच शाळा असते, ही बाजू मांडणारा भाग अधिक मोलाचा ठरेल. ऊसतोडीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतली मुले हंगाम संपेपर्यंत कोठे शिकतात, आजोळी राहणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे विषय शिक्षणाचे आहेत, पालकत्वाचे आहेत आणि मानसशास्त्राचेही आहेत. अध्ययन अक्षमता हा असाच एक विषय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात नोंदलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, तरीही 'मूल आळशी आहे' या निदानावर वर्षे वाया जाताना दिसतात.

दुसरी पायरी: पाहुणे निवडणे

पाहुण्यांचे दोन वर्ग करावेत: विषयाचे शिक्षण घेतलेले आणि तो विषय जगलेले. दोघांकडून अपेक्षा वेगळ्या. आपल्या मुलाच्या स्वमग्नतेविषयी बोलणाऱ्या आईकडून अनुभव घ्यावा, उपचारांचा सल्ला घेऊ नये. तज्ज्ञाकडून निकष आणि मर्यादा विचाराव्यात, त्याच्या रुग्णांच्या गोष्टी मागू नयेत.

तज्ज्ञांच्या बाबतीत पदवी तपासणे हा अविश्वास नव्हे, ती श्रोत्याप्रती जबाबदारी आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे १९९२ च्या कायद्याखाली होते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातल्या एम.ए.पासून काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रापर्यंत काहीही असू शकते. पाहुण्यांची ओळख करून देताना शिक्षण व काम नेमके सांगावे. 'सुप्रसिद्ध', 'ख्यातनाम' ही विशेषणे गाळली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पाहुणे कोठे शोधावेत? ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात, पुण्याची ज्ञान प्रबोधिनी शिक्षणात, पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट बालशिक्षणात दीर्घकाळ काम करीत आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला उभारलेल्या अंगणवाडीच्या कामाची आठवण असलेली माणसे त्या भागात भेटू शकतील. परंतु केवळ संस्थांच्या प्रमुखांकडे जाऊ नये. प्रमुखांनी तेच मुद्दे व्यासपीठावरून शेकडो वेळा मांडलेले असतात. त्याच संस्थेत वर्गावर जाणाऱ्या ताई, जिल्हा परिषद शाळेतले दोनशिक्षकी शाळा चालवणारे गुरुजी, अंगणवाडी सेविका, सरकारी रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षक यांच्याकडे तपशील असतो, आणि मुलाखत तपशिलावर चालते.

पाहुण्याशी आधी वीस मिनिटे फोनवर बोलावे. या फोनचा हेतू माणूस मोकळेपणे बोलतो का, कोणत्या विषयावर त्याला बोलायचे नाही आणि कोणता प्रसंग तो सविस्तर सांगू शकेल, एवढे समजून घेण्यापुरता असावा. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या फोनवर विचारू नये, कारण त्याचे पहिले उत्तरच ताजे असते. दुसऱ्यांदा माणूस आधी काय म्हटले होते ते आठवून बोलू लागतो.

तिसरी पायरी: संमती आणि कायदा

संमती लेखी घ्यावी, साध्या मराठीत, एका पानात. ध्वनिमुद्रण कोठे प्रसिद्ध होणार, दृश्यफीत निघणार का, त्यातले छोटे तुकडे समाजमाध्यमांवर वेगळे टाकले जाणार का, आणि प्रसिद्धीपूर्वी एखादा भाग वगळण्याची विनंती किती दिवसांत करता येईल, या चार गोष्टी त्यात असाव्यात. तुकड्यांची बाब हमखास विसरली जाते. तासाभराच्या बोलण्यात समजून घेता येणारे 'कधीकधी मला आई असण्याचा राग येतो' हे वाक्य तीस सेकंदांच्या तुकड्यात एकटे फिरू लागले की त्या बाईंचे सासर-माहेर, शाळा, शेजार सगळीकडे त्याचे पडसाद उमटतात.

मुलाचे नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे समजणे चुकीचे आहे. 'नाशिकजवळच्या एका गावातल्या मुख्याध्यापिकेचा एकुलता एक मुलगा, बुद्धिबळात जिल्हा पातळीवर खेळलेला' एवढ्या वर्णनात नाव नसले तरी सारे गाव त्याला ओळखते. म्हणून गाव, पालकांचा व्यवसाय, इयत्ता आणि छंद यांपैकी विषयाला आवश्यक तेवढेच ठेवावे. मूल दहा-बारा वर्षांचे असेल तर त्यालाही विचारावे, असे माझे मत आहे, आणि ते 'नको' म्हणाले तर तेथेच थांबावे.

काही बाबतींत तर निर्णय आपल्या हातात नसतोच. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यातील पीडित वा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत पॉक्सो कायदा २०१२ चे कलम २३ हेच सांगते आणि त्यात नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर हे सारे येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास मनाई करतो. याहून गंभीर शक्यता अशी की बोलण्याच्या ओघात पाहुण्याकडून एखाद्या मुलावर झालेल्या अत्याचाराची माहिती बाहेर पडते. अशा वेळी ध्वनिमुद्रण थांबवावे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि त्यात मुलाखत घेणाराही आला.

विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हा विषय दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास घ्यावासा वाटतो. घेतल्यास जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी दिलेली पथ्ये पाळावीत: पद्धतीचे वर्णन नको, 'कमी गुण मिळाले म्हणून' असे एकच कारण नको, आणि मदतीचा क्रमांक त्याच भागात सांगितलेला असावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

चौथी पायरी: प्रश्न

या विषयावरच्या मुलाखती बिघडतात त्या बहुधा उपदेशामुळे. पाहुणे तत्त्व सांगतात, मुलाखतकार 'अगदी खरं आहे' म्हणतो, आणि ऐकणाऱ्या आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते. पाहुण्याला तत्त्वावरून संध्याकाळी सात वाजताच्या घरात आणणे हे मुलाखतकाराचे मुख्य काम.

'मोबाइलच्या व्यसनाबद्दल पालकांना काय सांगाल?' या प्रश्नाला व्याख्यानच मिळणार. त्याऐवजी असे विचारावे: 'चौथीतला मुलगा मोबाइल समोर असल्याशिवाय जेवत नाही. दिवसा आजी सांभाळते, ती मोबाइल देते. संध्याकाळी आई येते आणि काढून घेते. रोज रडारड होते. या घरातले कोणी तुमच्याकडे आले तर पहिले बोलणे तुम्ही कोणाशी कराल?' येथे पाहुण्यांना आजीच्या थकव्याविषयी बोलावे लागेल, आईच्या नोकरीच्या वेळांविषयी बोलावे लागेल, आणि कदाचित 'पहिले पंधरा दिवस जेवणाच्या मोबाइलला हातच लावू नका' असे अनपेक्षित उत्तरही मिळेल. प्रत्येक भागासाठी असे तीन प्रसंग तयार ठेवावेत, आणि ते कोणाच्याही खऱ्या घरातून जसेच्या तसे उचललेले नसावेत.

प्रसंगानंतर लागोपाठ विचारायचे छोटे प्रश्न आधी लिहून ठेवण्यापेक्षा कान देऊन ऐकल्यावरच सुचतात, तरी तीन प्रश्न नेहमी जवळ असावेत: हे जमले नाही तर पुढे काय? ज्या घरात दोन्ही पालक रात्री आठला येतात तेथे हे कसे करावे? आणि तुमचे हे मत कधी बदलले आहे का? तिसऱ्या प्रश्नावर चांगला तज्ज्ञ जरा थांबतो. त्या थांबण्यात बोलू नये. पाहुण्याचे वाक्य संपल्यावर दोन-तीन सेकंद गप्प बसण्याची सवय लावून घेतली तर माणसे आपणहून पुढचे आणि बहुधा अधिक खरे असे बोलतात. लांबलेली शांतता संपादनात कमी करता येते, बोललेच न गेलेले वाक्य मात्र कोठून आणणार?

संबोधनाचाही विचार करावा. पाहुणी जुनी मैत्रीण असली तरी ध्वनिमुद्रणात 'अगं' म्हटले की श्रोता दाराबाहेर उभा राहतो. उलट दर वाक्याला 'सर', 'मॅडम' लावले की उलटा प्रश्न विचारण्याचे बळ जाते. सुरुवातीला नाव व पद घ्यावे, पुढे 'तुम्ही' पुरेसे आहे.

दाव्यांची तपासणी प्रश्नांच्या तयारीतच धरावी. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल आणि बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे शाळांमधून सर्रास विकल्या जातात. त्यांना वैज्ञानिक आधार नाही आणि अशा चाचणीच्या विक्रेत्याला 'करिअर मार्गदर्शक' म्हणून बोलावले तर आपला पॉडकास्ट त्याची जाहिरात ठरतो. 'कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून' ही विभागणीही शिक्षक प्रशिक्षणांत लोकप्रिय आहे, परंतु त्या त्या प्रकाराप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात दिसले. नामवंत प्रयोगांचेही तसेच. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला मार्शमेलोचा प्रयोग, म्हणजे मिठाई लगेच न खाता थांबणारी मुले पुढे अधिक यशस्वी होतात हे सांगण्यासाठी वापरली जाणारी गोष्ट, अजूनही व्याख्यानांत सांगितली जाते; २०१८ मध्ये मोठ्या संख्येच्या मुलांवर तो अभ्यास पुन्हा झाला तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला आणि कुटुंबाची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातला फार थोडा उरला. पाहुण्यांनी असा दाखला दिला तर तेथेच नम्रपणे 'यावर नंतर झालेल्या अभ्यासाविषयी काय म्हणाल?' असे विचारावे. तेवढी तयारी नसेल तर प्रसिद्धीपूर्वी तपासून भागाच्या वर्णनात टीप द्यावी.

पाचवी पायरी: ध्वनिमुद्रण

खोली माईकपेक्षा महत्त्वाची. गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटे असलेली लहान बेडरूम ही रिकाम्या फरशीच्या दिवाणखान्यापेक्षा केव्हाही चांगली. पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरची वेळ ठेवावी. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मुद्रण करण्याचा विचारच सोडावा. फ्रीजची घरघर शांत खोलीत स्पष्ट उमटते. तो बंद केल्यास घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे सुरू करायला विसरणे अशक्य होते. बोलणे सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज मुद्रित करून ठेवावा. संपादनात तो उपयोगी पडतो.

प्रत्येकाला स्वतंत्र माईक हवा. साध्या घरात डायनॅमिक प्रकारचा माईक बरा, कारण तो दूरचे आवाज कमी उचलतो. तोंडापासून अंतर साधारण एक वीत, किंचित तिरपा. दोन माईकमधले अंतर तोंड व माईक यांमधल्या अंतराच्या किमान तिप्पट असावे. खर्च झेपत नसेल तर कॉलरला लावायचे दोन माईक आणि दोन फोन यांवर सुरुवात निश्चित करता येते. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटवर करावे. एका माईकचे एका तासाला सुमारे ५२० मेगाबाइट होतात, एवढी जागा आधी मोकळी करावी. कानाला हेडफोन लावल्याशिवाय सुरुवात करू नये.

पाहुणे दूर असतील तर व्हिडिओ कॉलचे मुद्रण टाळून दोन्ही बाजूंचा आवाज आपापल्या यंत्रावर मुद्रित करणारी सेवा वापरावी, किंवा पाहुण्यांना त्यांच्या फोनवर बोलणे मुद्रित करून पाठवण्याची विनंती करावी. अमेरिकेतल्या मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांशी बोलायचे असेल तर त्यांची रविवारची सकाळ आणि आपली संध्याकाळ ही वेळ जुळते.

सहावी पायरी: संपादन आणि प्रसिद्धी

ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसे आहे. आधी मजकूर संपादित करावा, आवाज नंतर. 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'तर काय आहे की' हे सगळे छाटू नयेत. माणूस यंत्रासारखा वाटू लागतो. पुनरुक्ती, दुसऱ्या मुलांची नावे आणि मुलाखतकाराची लांबलेली प्रस्तावना मात्र निर्दयपणे काढावी. वगळल्यामुळे पाहुण्याच्या 'पण' नंतरचे वाक्य गेले नाही ना, हे दोनदा ऐकावे, कारण मानसशास्त्राच्या बोलण्यात बहुतेक वेळा अर्थ त्या 'पण' नंतरच असतो. आवाजाची पातळी उणे १६ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्याचे एकक) आसपास ठेवावी. ॲपलची शिफारस तीच आहे. अंतिम फाइल मोनो एमपी३, ६४ किलोबिटची केली तर तासाभराचा भाग २९ मेगाबाइटच्या आत बसतो, आणि मोजका डेटा असणाऱ्या श्रोत्याची सोय होते.

फाइल एका होस्टिंग सेवेवर, म्हणजे भाग इंटरनेटवर साठवून ठेवणाऱ्या सेवेवर, चढवली की ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे सर्व भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, तयार करते. त्या फीडचा पत्ता ॲपल, स्पॉटिफाय यांसारख्या ठिकाणी एकदा नोंदवला की पुढचे भाग आपोआप पोहोचतात. स्पॉटिफायची स्वतःची सेवा विनामूल्य आहे. भाषा 'मराठी' निवडावी, शीर्षक देवनागरीत द्यावे, वर्ग म्हणून 'किड्स अँड फॅमिली' खालचा 'पेरेंटिंग' घ्यावा. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेलचे असावे आणि त्यावर कोणत्याही मुलाचे, स्वतःच्याही नव्हे, छायाचित्र नसावे. फीडमधला ईमेल सार्वजनिक होतो, म्हणून वेगळा पत्ता उघडावा. संगीताचा परवाना लेखी जपून ठेवावा. चित्रपटगीताचे दहा सेकंद चालतात, ही समजूत निराधार आहे.

तीन भाग तयार झाल्यावरच पहिला प्रसिद्ध करावा आणि पंधरवड्याला एक एवढाच वेग धरावा. शाळेच्या परीक्षा, दिवाळी, मे महिना यांत पाहुणे मिळत नाहीत, हे वेळापत्रकात आधीच धरावे.

सातवी पायरी: प्रसिद्धीनंतर

काही भागांनंतर श्रोत्यांची पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतली बरीचशी 'माझी मुलगी तीन आठवडे शाळेत जात नाही, काय करू?' अशी असतात. यांना ईमेलवरून सल्ला देऊ नये, पाहुण्यांचा खासगी क्रमांकही देऊ नये. एक उत्तर आधीच तयार ठेवावे: आम्ही उपचार किंवा सल्ला देत नाही हे सांगणारे एक वाक्य, टेली-मानसचा १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठी असलेला १०९८ हे क्रमांक, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाण्याची सूचना. पत्रात जिवाला धोका असल्याचे दिसले तर उत्तर त्याच दिवशी जायला हवे. त्यासाठी ईमेलची पेटी रोज कोण पाहणार हे ठरवून ठेवावे.

भाग काढून टाकण्याची विनंतीही कधीतरी येईल: पालकांकडून, शाळेकडून, किंवा ज्याच्याविषयी बोलले गेले त्या, आता मोठ्या झालेल्या, मुलाकडून. मुलाकडून आलेली विनंती कारण न विचारता मान्य करावी, असे माझे मत आहे. होस्टिंगवरून भाग काढला की फीडमधून तो जातो, पण यूट्यूबवरची प्रत, समाजमाध्यमांवरचे तुकडे आणि संकेतस्थळावरचा लिखित मजकूर वेगळे काढावे लागतात. म्हणून प्रत्येक भाग कोठे कोठे टाकला याची तारखेसह नोंद पहिल्या भागापासून एका तक्त्यात ठेवावी आणि त्याच तक्त्यात संमतीपत्राची प्रत कोठे आहे तेही लिहावे.